नीजमाई आणि डोंगर चढणारी म्हैस

ऐका नीजमाई, तुमची कहाणी.

ही कहाणी मला पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत तोंडपाठ आहे. काना इकडचा तिकडं व्हायचा नाही. चार गावांत माझ्याइतकी कुणाला येत नाही. आता खरं सांगायचं तर शेवट मी कधीच ऐकलेला नाही. आई सांगायची, आणि शेवट यायच्या आत मला झोप लागायची. मधलंही बरंचसं असंच गेलं. पण करता काय? वेणूवहिनींच्या पोथीतली या व्रताची पानं उंदरानं खाल्ली, वाचायच्या त्या वहिनींचा घसा बसला, आणि तुम्ही बाया तर तांदूळ मुठीत घेऊन बसलात. तेव्हा मी चौथी नापास माणूस, जमलं तसं लिहून आणलं आहे. अडेल तिथं तोंडानं पुढं ढकलीन.

वहिनींच्या मांडीवर त्यांची नात आहे, चिंगी. दोन वर्षांची. चिंगी झोपत नाही, म्हणून वहिनींचं घर झोपत नाही, म्हणून आज हे व्रत धरायचं आहे. बघा, आत्तासुद्धा डोळे कसे टक्क उघडे. बघ बाई, बघून घे माझं तोंड. तांदूळ खाऊ नकोस.

तर एक नगर होतं. आटपाट होतं म्हणतात, मी काही मोजायला गेलो नव्हतो. नगरात तांबट आळी होती. उजाडलं की ठोके सुरू. हंडे, कळशा, बंब, घंगाळी. ठाक ठाक, ठाक ठाक. त्या आळीत माणसं एकमेकांशी ओरडून बोलत. गुपितसुद्धा ओरडून सांगत. म्हणून आळीत कुणाचं गुपित कधी टिकलं नाही. आपल्या आळीत ठोके नाहीत तरी टिकत नाही, ती गोष्ट वेगळी.

त्या आळीत केरबा नावाचा तांबट होता. त्याची बायको गिरजा. त्यांची लेक तानी, अडीच वर्षांची. आणि केरबाचा बाप, आबा. आबा तेव्हा लेकीच्या गावी गेला होता, तो मागनं येईल. म्हातारा मोठा गुणाचा, हसरा, पोरांचा लाडका.

वहिनी खोकल्या. खोका वहिनी. आबा गुणाचाच होता.

एके दिवशी काय झालं? राजवाड्यातून आळीत तांबं आलं. राणीचा निरोप आला, राजपुत्राला दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला नवं घंगाळ हवं. पंचांनी विचार केला, हात कुणाचा हलका? केरबाचा हलका. केरबाला काम दिलं. केरबा आनंदला, गिरजा आनंदली, देवापुढं साखर ठेवली.

पण तानी झोपेना. दिवस मावळला की तिला चार पाय फुटायचे. गिरजा मांडीवर घेई, तर ती खांद्यावर चढे. खांद्यावर घेई, तर उतरून माठाला मिठी मारी. एकदा पाणी पाहिजे. एकदा शू लागली. एकदा काऊ कुठं गेला? काऊ झोपला. का झोपला? त्याच्या आईनं निजवला. त्याच्या आईला बोलाव. असं करता करता आळीतले दिवे विझत, कोल्हे ओरडत, आणि घरातली तीन माणसं तीन भुतांसारखी एकमेकांकडं बघत बसत.

मग केरबानं पहिलं घंगाळ मठारायला घेतलं. मठारणं म्हणजे हातोडीनं ठोक्याला ठोका लावत तांबं घट्ट करायचं. तिथं नजर चुकून चालत नाही. केरबाची नजर मिटली. एक ठोका दुसऱ्यावर पडला. तांब्याला चीर गेली. पहिलं घंगाळ फुकट गेलं.

आळीला कळलं. आळी सल्ला द्यायला आली. सल्ला द्यायला माणसं कशी अंघोळी करून येतात, ते मी तुम्हाला सांगायला नको. माझ्याकडं नका बघू, मी न अंघोळ करताच देतो.

पहिली आली ठमाकाकू. "अगं गिरजे, दुपारची निजवतेसच कशाला? दमव तिला. दमली की पडेल धोंड्यासारखी." गिरजेनं दुपारची झोप मोडली. पोरीला आळीभर पळवली. सांज झाली. धोंडा काही पडला नाही. तानी कमान होऊन रडली, पाय आपटले, आईचे केस ओढले. फार दमलेलं पोर झोपत नाही, ते झोपेशी भांडतं. पण हे ठमाकाकूला कोण सांगणार? ठमाकाकू घरी जाऊन घोरत होती.

दुसरी आली केरबाची आत्या. "पोट रिकामं असेल गं पोरीचं. लाडू दे चार." गिरजेनं लाडू दिले. लाडू खाऊन तानी आढ्याला हात लावायला निघाली.

तिसरे आले धोंडशेट, आळीचे मोठे पंच. मिशी ही एवढी. "तांबटाचं पोर आहे ते. पोटात असल्यापासून ठोके ऐकलेत. ठोक्यावाचून झोपेल कसं? केरबा, पाळण्याशी बस आणि दणदणून ठोक." केरबा पाळण्याशी बसला. दणदणून ठोकलं. तानी पाळण्यात उभी राहिली, टाळ्या पिटल्या, म्हणाली, "आणखी!"

त्या पहाटे केरबानं दुसरं घंगाळ घेतलं. हातोडी उचलली ती त्याला दोन दिसल्या. त्यातली खोटी खाली आली ती तांब्यावर, खरी आली ती अंगठ्यावर. असं कसं झालं विचारू नका. तुम्ही पंधरा दिवस जागा, मग मला सांगा. अंगठा सुजला, घंगाळाला भोक पडलं.

मग पंच बसले. धोंडशेट म्हणाले, "केरबा, तांबं राजाचं आहे, नाव आळीचं आहे. तिसरं घंगाळ फुटलं, तर हातोडी या ओट्यावर ठेवायची आणि आळी सोडायची."

तांबटाची हातोडी काढून घेणं म्हणजे काय? ज्या हातोडीनं आज्यानं ठोकलं, पणज्यानं ठोकलं, ती खाली ठेवायची आणि मोकळ्या हातांनी वेशीबाहेर जायचं. केरबा घरी आला, हातोडी पुसली, उशाशी ठेवली आणि तिच्याकडं बघत बसला. गिरजेनं ते पाहिलं. तिला ते बघवेना. घडा उचलला, विहिरीवर गेली. सांजेला थोडा वेळ होता. विहिरीवर कुणी नव्हतं. घडा खाली ठेवला आणि गिरजा रडली.

तो कुणीतरी जांभई दिली. अशी मोठी की विहिरीतले पारवे उडाले.

गिरजेनं वळून पाहिलं. पायरीवर एक म्हातारी बसली होती. डोळ्यांखाली काळं, पायांना भेगा, पदर धुळीचा. म्हातारी म्हणाली, "बाई, बाई, का रडतेस?"

"पोर झोपत नाही म्हणून रडते."

"मीही झोपत नाही. मी रडते का?"

"तू कोण गं आजी?"

"मी नीजमाई. पोरांना झोप नेऊन देते."

गिरजेनं डोळे पुसले. "मग माझ्या घरी का येत नाहीस? मी काय पाप केलं?"

आता देवी चिडली. देव्यांना चिडायला काय लागतं? आपल्या घरातल्या बघा. नाही, कुणाकडं बघून म्हणालो नाही.

नीजमाई म्हणाली, "येत नाही? रोज येते! काल आले, तर तुझा नवरा दणादणा ठोकत होता. परवा आले, तर तू लाडू चारत होतीस. त्याच्या आदल्या दिवशी आले, तर पोरगी किंचाळत होती, कारण माझी दुपारची फेरी तूच चुकवलीस. एक दिवस तू मला दिवेलागणीला बोलावतेस, दुसऱ्या दिवशी कोल्हे ओरडताना. मी दारात उभी राहते. आत दिवे भगभगीत, आत गोंधळ. मला कुणी बस म्हणत नाही. मग मी पुढल्या घरी जाते. तिथंही हेच. या आळीत फिरून फिरून माझ्या पायांचं हे असं झालं. घरी दूध घालणारी गवळण बघ. वेळेला येते, कारण तिची वेळ तुम्ही ठरवता, तिचं भांडं दारात ठेवता. माझं भांडं कुठं आहे?"

गिरजेनं पाय धरले. "माई, चुकले. तुझा वसा काय तो मला सांग."

नीजमाई म्हणाली, "उतशील, मातशील, घेतला वसा दुसऱ्याच दिवशी टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, दुसऱ्या दिवशी काय, पाहुणे आले तरी टाकणार नाही."

"मग ऐक. दुपारची झोप मोडू नये. ती लवकर घ्यावी, सांजेला टेकवू नये. देवळातली आरतीची घंटा थांबली की तीच माझी वेळ. रोज तीच. तेव्हा गूळ नाही, घोडा नाही, गुदगुल्या नाहीत. आधी कोमट पाण्यानं हातपाय धुवावे. मग मऊ दूधभात द्यावा. मग दिव्याची वात आत ओढावी, घर अंधुक करावं. मग गोधडीवर घेऊन एकच गोष्ट सांगावी. रोज तीच. आवाज उतरत उतरत न्यावा. पोरीचे डोळे जड झाले, पण मिटले नाहीत, अशी असताना तिला गोधडीवर ठेवावी. मांडीवर झोपवलीस, तर पहाटे ती मांडीच शोधेल."

"आणि ती रडली तर?"

"ताप असेल, पोट दुखत असेल, भ्याली असेल, तर जवळ घे. माझा वसा मोडत नाही. नुसती कुरकुर असेल तर दहा श्वास थांब. मग जाऊन हात ठेव, आहे गं म्हण. दिवा मोठा करू नकोस, गप्पा मारू नकोस, माठाकडं नेऊ नकोस. पहिले तीन दिवस मी येणार नाही."

"का गं माई?"

"इतक्या वेळा परत पाठवलंस. मला खात्री नको?"

असं म्हणून नीजमाई दिसेनाशी झाली. पायरीवर फक्त तिची जांभई राहिली, ती गिरजेला आली.

गिरजा घरी आली. घंटा थांबली. हातपाय धुतले, दूधभात दिला, वात आत ओढली. गोष्ट कुठली सांगावी? तिला एकच येत होती, तीही धड नाही. "एक म्हैस होती. तिला डोंगर चढायचा होता. तिनं एक पाय टाकला. मग दुसरा पाय टाकला. मग थांबली. गवत खाल्लं. मग तिसरा पाय टाकला..." अशी ही गोष्ट. तुम्ही हसाल. हसा, पण हळू.

पहिल्या दिवशी तानी म्हशीच्या अंगावर बसायला मागायला लागली. गिरजा म्हणाली, "म्हैस चालते आहे. एक पाय टाकला." तानी रडली. गिरजा दहा श्वास थांबली. दहा श्वास म्हणजे किती, ते दाराबाहेर उभ्या असलेल्या आईला विचारा. दुसऱ्या दिवशी जास्त रडली. केरबा उठला, म्हणाला, "आण इकडं, मी फिरवतो." गिरजेनं त्याचा हात धरला. "आज मोडलं तर कालचंही गेलं." तिसऱ्या दिवशी आळी ओट्यावर जमली. ठमाकाकू म्हणाली, "काय निर्दयी आई!" गिरजा ओठ चावून बसली, तानीच्या पाठीवर हात ठेवून म्हणत राहिली, "आहे गं. आहे मी."

चवथ्या दिवशी घंटा थांबली आणि तानी स्वतःच पाय पुढं करून बसली. पाचव्या दिवशी म्हैस अर्ध्या डोंगरापर्यंत पोचली आणि तानीनं जांभई दिली. सातव्या दिवशी गिरजा म्हणाली, "तिसरा पाय टाकला," आणि पुढं काही विचारायला कुणी जागंच नव्हतं. म्हातारी दारातून आत आली, उंबऱ्यावर टेकली, पाय लांब केले. केरबा झोपला. गिरजा झोपली. हातोडीसुद्धा झोपली असं म्हणतात.

मग केरबानं तिसरं घंगाळ घेतलं. नजर स्वच्छ, हात हलका. घंगाळ चढलं, फुगलं, चमकलं. पंधरा दिवसांत तोंड झालं, कड्या झाल्या. आता राहिला बुडाचा शेवटचा फेरा. एका सकाळचं काम, पण नजर ताजी हवी.

आणि लेकीच्या गावाहून आबा आला.

वहिनी, आत्ता का खोकलात? अजून त्यानं काही केलंही नाही.

आबा आला तो बरोबर घंटा थांबताना. हातपाय धुऊन तानी गोधडीवर बसली होती. आबा म्हणाला, "माझी तानाई! ये, घोडा घोडा!" तिला पाठीवर घेतलं, घरभर खिंकाळत धावला. तानी हसली. घर हसलं. केरबाही हसला. सासऱ्याला सून काय बोलणार? नीजमाई दारात आली. बघितलं, म्हणाली, "आत घोडा उधळलाय. मी म्हातारी, लाथ बसायची." गेली.

दुसऱ्या दिवशी घंटा थांबली. गिरजेनं वात आत ओढली. आबानं ती बाहेर काढली. "एवढ्या अंधारात पोरीचं तोंड तरी दिसतं का मला?" कनवटीच्या रेवड्या काढल्या, भिंतीवर हातांचे ससे नाचवले. नीजमाई दारात आली. म्हणाली, "आत जत्रा आहे." गेली.

तिसऱ्या दिवशी गिरजा म्हशीची गोष्ट सांगायला बसली. आबा म्हणाला, "ही काय गोष्ट? बिनशिंगी! मी सांगतो. म्हैस डोंगर चढते काय? तिला पंख फुटले! ती उडाली, राजाच्या पगडीवर बसली आणि शिंकली! फटाक!" आणि परात वाजवली. तानी हसून हसून लोळली. मी खोटं कशाला बोलू, गोष्ट चांगली होती. पण नीजमाईनं परातीचा आवाज वेशीवरूनच ऐकला आणि वेशीवरूनच परतली.

तीन दिवस घर जागं. चवथ्या दिवशी सकाळी पंच आले. धोंडशेट म्हणाले, "उद्या दुपारी राजवाड्याची गाडी येणार. बूड राहिलं आहे ना? आमच्यासमोर मार फेरा." केरबा बसला. घंगाळ पालथं केलं. हातोडी वर गेली. गिरजेनं दारातून बघितलं. हातोडी वर होती आणि केरबाचे डोळे मिटले होते.

गिरजा धावली. भर कारखान्यात, पंचांसमोर, तिनं नवऱ्याचा हात वरच्या वर धरला. म्हणाली, "आज ठोका नाही. आज झोप."

धोंडशेटांची मिशी उभी राहिली. "बाई, ही पंचांची जागा आहे."

"हो. म्हणून पंचांनाच सांगते. उद्या सूर्य माथ्यावर येण्याआधी घंगाळ या ओट्यावर असेल. नसेल तर हातोडी मी माझ्या हातानं आणून ठेवते आणि आम्ही जातो. पण आजच्या सांजेला, घंटा थांबल्यावर, आळीत एकही ठोका पडायचा नाही."

"दिवाळी तोंडावर! आळी गप्प? आमच्या बापजाद्यांत झालं नाही असं."

तो दाराआडून एक आवाज आला, "गप्प राहा हो एक सांज. आमचा धाकटाही झोपत नाही." तो आवाज धोंडशेटांच्या बायकोचा होता. मग दुसऱ्या दारातून, मग तिसऱ्या. पंचांनी एकमेकांकडं बघितलं. सगळ्यांचे डोळे लालच होते. कबूल झाले.

हे सगळं आबा ओट्याच्या टोकाला उभा राहून बघत होता. लेकाचा सुजका अंगठा त्यानं तेव्हा पहिल्यांदा पाहिला. हळू आवाजात म्हणाला, "सूनबाई, मला सांगायचं नाही होय?"

गिरजा म्हणाली, "मामंजी, कसं सांगू? तुम्ही किती हसत होता."

आबा खाली बसला. आबा गप्प बसला हे आळीनं कधी पाहिलं नव्हतं, दोघं पंच त्याची नाडी बघायला आले. मग गिरजा म्हणाली, "आज गोष्ट तुम्ही सांगा. तानीला तुमचाच आवाज गोड लागतो. पण एकच अट. म्हैस उडायची नाही."

"शिंकेल?"

"शिंकायचीही नाही."

सांज झाली. घंटा थांबली. आळीतल्या सगळ्या हातोड्या खाली ठेवल्या गेल्या. घरोघर हातपाय धुतले, दूधभात झाला, वाती आत गेल्या. आणि काय झालं? एकही पोर झोपेना! ती तांबटाची पोरं. इतकी शांतता त्यांनी जन्मात ऐकली नव्हती. त्यांना वाटलं, जगच थांबलं. या घरातून "ठोका कुठं गेला?" त्या घरातून "बाबा कुठं गेला?" तानीनं तोंड वाकडं केलं. आता रडणार.

आबाच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक. त्यानं लाकडी मोगरी उचलली. तिला जुनं धोतर गुंडाळलं. उंबऱ्यावर बसला. मऊ आवाजात म्हणाला, "एक म्हैस होती. तिला डोंगर चढायचा होता. तिनं एक पाय टाकला." आणि उंबऱ्यावर मोगरी टेकली. ठक.

तानीचं तोंड सरळ झालं. हा ठोका ओळखीचा होता, फक्त लांबून आल्यासारखा.

"मग दुसरा पाय टाकला." ठक.

शेजारचं पोर थांबलं. पलीकडचं थांबलं. आळी अरुंद, उंबरे दगडी, ठोका घरोघर पोचला.

"मग थांबली. गवत खाल्लं." आता आबाची जीभ सळसळायला लागली. इथं म्हशीला शिंक आली असती तर काय बहार झाली असती! तोंडापर्यंत आली, ओठांपर्यंत आली. आबानं ती शिंक गिळली. आयुष्यात एवढं मोठं काम त्यानं कधी केलं नव्हतं. "मग तिसरा पाय टाकला." ठक. आणखी हळू. आणखी लांब.

नीजमाई वेशीवर उभी होती. तिनं कान दिला. आळीत जत्रा नव्हती, घोडा नव्हता, परात नव्हती. ती आली. पहिल्या घरात गेली, दुसऱ्या घरात गेली, आणि आबाशेजारी उंबऱ्यावर येऊन टेकली. आबानं बघितलं नाही. फक्त सरकून जागा दिली. तानीचे डोळे जड झाले. गिरजेनं तिला गोधडीवर ठेवलं. तिनं एकदा "आजा" म्हटलं. "आहे गं," आबा म्हणाला. केरबा आडवा झाला तो तसाच झोपला. धोंडशेट बसल्या जागी घोरायला लागले. घोरण्यावर बंदी नव्हती.

सकाळ झाली. केरबा उठला. तानी उठली, आबाच्या पाठीवर बसली आणि दोघांनी आळीभर घोडा घोडा केला. दिवसा कितीही करा, नीजमाईची हरकत नाही. केरबानं घंगाळ पालथं घेतलं. नजर स्वच्छ, हात हलका. ठोक्याला ठोका लागला. सूर्य माथ्यावर यायला चार बोटं होती, तेव्हा घंगाळ ओट्यावर होतं. धोंडशेटांनी पाण्यानं भरलं. सगळे वाकून बुडाखाली बघायला लागले. एक थेंब गळला नाही. एक थेंब पडला, तो धोंडशेटांच्या डोळ्यातला, पण ते घाम म्हणाले.

केरबा आणि गिरजा घंगाळ घेऊन राजवाड्यावर गेले. राणीनं घंगाळ बघितलं. गिरजेनं राणीचे डोळे बघितले. तेच काळं, तीच जांभई. गिरजा म्हणाली, "राणीसाहेब, राजपुत्र झोपत नाही ना?"

राणीचा चेहरा उतरला. "तीस दासी आहेत. सात वाजंत्री आहेत. दोन नाचे आहेत. तरी झोपत नाही."

"तरी नाही, म्हणूनच. दासी घालवा, वाजंत्री घालवा, तुम्ही बसा."

"मी? राणीनं?"

"म्हैस तुम्हालाच चढवावी लागेल."

राणीनं वसा घेतला. तीन दिवस वाड्यात रडारड. राजा म्हणाला, "नाचे बोलवा." राणी म्हणाली, "खबरदार." सातव्या दिवशी राजपुत्र झोपला, राजा झोपला, पहारेकरीही झोपले असते पण त्यांना मनाई होती. राणी प्रसन्न झाली. गिरजेला म्हणाली, "काय हवं ते माग." गिरजेनं सोनं मागितलं नाही, शेत मागितलं नाही. म्हणाली, "घंटा थांबली की आळीतला मोठा ठोका थांबावा, एवढा हुकूम द्या." हुकूम झाला. केरबाची हातोडी केरबाकडं राहिली. तानी वाढली, आळी झोपली, नीजमाईच्या पायांच्या भेगा भरल्या.

इतर व्रतं सोमवारची, शुक्रवारची, चार महिन्यांची. हे रोजचं. म्हणून हे सगळ्यांत सोपं आणि म्हणून कुणी धरत नाही. तुम्ही धरा. जशी नीजमाई गिरजेच्या उंबऱ्यावर टेकली, तशी तुमच्या आमच्या उंबऱ्यावर टेको. जशी केरबाची हातोडी राहिली, तशी सगळ्यांची राहो. जशी आबाला अक्कल आली, तशी, असो, ज्याला यायची त्याला येवो. साठ ठोक्यांची कहाणी पाच ठोक्यांत, सुफळ, संपूर्ण.

टाका तांदूळ! झाली! बघा, चुकलो का एका अक्षराला? आणि आता ऐका माझ्या पदरचं, जे आईनंही कधी सांगितलं नाही. ती म्हैस डोंगरावर पोचली का? पोचली तर वर काय होतं? चिंगे, सांगू का गं? ए चिंगे! वाजवू का परात?

तेव्हा वेणूवहिनी बसल्या घशानं म्हणाल्या, "भावोजी, खाली ठेवा ती परात. म्हशीनं दुसरा पाय टाकला तेव्हाच झोपली माझी नात. आता तुमची म्हैस वर पोचली आणि ही उठली, तर उद्यापासून रोज सांजेला ती म्हैस तुम्ही चढवायची, न शिंकता."